कार्डासोबत संगणक आणि पॉवर सप्लायही पाठवा
(जुन्या होम कॉम्प्युटरच्या अ‍ॅक्सिलरेटर कार्डांच्या दुरुस्तीविषयी ग्राहकांसाठी माहिती)

अमिगा १२०० हा संगणक १९९२ साली १४ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरसह बाजारात आला. त्यात ५० मेगाहर्ट्झचा ६८०३० हा जास्त वेगवान प्रोसेसर असलेले अ‍ॅक्सिलरेटर कार्ड बसवले की मशीनमध्ये नवा जीव येतो. पण कार्ड कधी चालते, कधी मध्येच हँग होते, कधी सुरूच होत नाही, अशा तक्रारी आमच्याकडे सतत येतात. सोबत बहुतेक वेळा नुसते कार्डच येते. ते आमच्या मशीनवर दिवसभर विनातक्रार चालते आणि आपल्याकडे परत गेले की पुन्हा अडते. म्हणून विनंती आहे की तिन्ही वस्तू एकत्र पाठवा.

आम्ही सुरुवात व्होल्टेजपासून करतो. ५ व्होल्टच्या लाइनवर बहुतेक चिपना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. जुना सप्लाय मूळ मशीनच्या गरजेपुरता बनवलेला असतो. कार्ड, जादा रॅम आणि हार्ड डिस्क यांचा भार पुढे त्याच्यावर पडतो. प्लगवर मीटर लावला तर ५ व्होल्ट दिसतात, पण मशीन चालू असताना कार्डावरच्या रॅमपाशी मोजले तर ४.६ सुद्धा भरतात. उरलेले व्होल्ट जुनी वायर, स्विच आणि काळवंडलेल्या पिना यांत जातात. अशा वेळी कार्डाला हातही लावावा लागत नाही.

त्यानंतर मदरबोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग). अमिगा ६००, १२०० आणि ४००० यांवरचे छोटे सरफेस माउंट कपॅसिटर गळतात. वरून बोर्ड स्वच्छ दिसतो, पण सोल्डरिंग आयर्न टेकवताच मासळीसारखा वास आला की गळती नक्की समजावी. हा द्राव तांब्याचे ट्रॅक खातो. कपॅसिटर पक्कडीने पिळून काढू नका; खालचा पॅड उखडला तर काम दुपटीने वाढते.

अमिगा १२०० च्या काही मदरबोर्डांवर क्लॉक सिग्नलचे (सगळ्या चिपना एका तालात चालवणाऱ्या सिग्नलचे) टायमिंगही दुरुस्त करावे लागते. एका मशीनवर उत्तम चालणारे कार्ड दुसऱ्यावर अडखळते, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

एवढे पाहूनही बिघाड राहिला तर दोष खरोखर कार्डात असतो. गार असताना चालणारे कार्ड तापल्यावर बंद पडत असेल, तर एकेका चिपवर गार स्प्रे मारून आम्ही दोषी चिप किंवा तडकलेला सोल्डर जॉइंट शोधतो. गॅल (GAL) चिपचा, म्हणजे कार्डाचे लॉजिक प्रोग्रॅम करून भरलेल्या चिपचा, प्रश्न अवघड. तिच्यातला प्रोग्रॅम २० वर्षे टिकेल, एवढीच हमी उत्पादक देत, आणि ती मुदत कधीच उलटली आहे. चिप लॉक असेल तर तिची नक्कल करता येत नाही. त्या कार्डाचा प्रोग्रॅम इतरत्र जपलेला मिळाला तरच नवी चिप भरता येते. तसे नसेल तर आम्ही काम हाती घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगू.

घरी कार्डाचे सोनेरी कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला हरकत नाही. खोडरबर मात्र वापरू नका, मुलामा घासला जातो.

बंद पडताना स्क्रीनवर आकडा दिसला तर जसाच्या तसा लिहून ठेवा. शेवटी ०००B असेल तर प्रोग्रॅम कदाचित कार्डावर नसलेला मॅथ कोप्रोसेसर (गणिते करणारी वेगळी चिप) शोधत असतो. म्हणजे कार्ड ठीकही असेल. मशीन सुरू केल्यापासून किती वेळाने अडते, तेही कळवा.

पाठवताना कार्ड मशीनमधून काढा, नाहीतर हादऱ्यांनी कनेक्टरवर ताण येतो. आधी अँटिस्टॅटिक पिशवी, मग बबल रॅप. बदललेले सुटे भाग आम्ही कार्डासोबत परत पाठवतो.