कार्डाची थकबाकी आणि उघराणीवाले: हे सगळं आलं कुठून

होम लोनचे हप्ते थकले तर माणूस चारचौघात बोलतो, क्रेडिट कार्ड थकलं तर बायकोलाही सांगत नाही, आणि उघराणी करणाऱ्यांचं निम्मं काम ह्या एका गोष्टीवर होतं. वडोदऱ्यात आपल्या मराठी घरांत तर जास्तच, कारण दांडिया बाजार नाहीतर रावपुऱ्यात तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला गल्लीत सगळे ओळखतात. घराच्या कर्जाला घर तारण असतं, गाडीच्या कर्जाला गाडी, सोन्यावर घेतलं तर सोनं बँकेच्या लॉकरमध्येच पडलेलं असतं. कार्डाला काहीच नाही. २००२ चा सरफेसी कायदा, ज्याच्या जोरावर बँक कोर्टात न जाता घराला सील लावू शकते, तो फक्त तारण असलेल्या कर्जाला लागतो, कार्डाला नाही. मग बँकेकडे उरतं काय, तर दिवाणी कोर्ट आणि तुमची लाज, आणि कोर्टात तारखा पडत राहतात, लाज मात्र पहिल्या फोनपासून कामाला लागते.

आता हे काही कॉल सेंटरवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. सावकाराने नाहीतर त्याच्या माणसाने ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचं, स्वतः उपाशी राहायचं, तो उठेपर्यंत घरातल्यांनाही घास गोड लागायचा नाही, शिवाय येणारा-जाणारा बघतोय ते वेगळंच. इंग्रजांना हा प्रकार एवढा खुपला की १८६० च्या इंडियन पीनल कोडमध्ये देवाच्या कोपाची भीती घालण्याबद्दल जे ५०८ कलम होतं, त्याखाली पहिलंच उदाहरण दारात धरणं धरून बसणाऱ्याचं दिलं होतं.

आणि वडोदऱ्यात तर दस्तुरखुद्द सरकारच कर्जात होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी गायकवाडांकडे अरब शिबंदीचा, म्हणजे भाडोत्री फौजेचा, पगार थकलेला, पैसे शहरातल्या पेढ्यांकडून काढायचे, हरिभक्तीसारखी घराणी त्यात मोठी, आणि दरबार पैसे परत करेल ह्याची हमी द्यायला कोण, तर तेच अरब जमादार. त्या हमीला बहांदरी म्हणायचे. म्हणजे बघा, पेढीवाल्याचा भरवसा कागदावर नव्हता, हमी देणाऱ्याच्या हातात तलवार होती त्यावर होता. १८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने अरबांना शहरातून काढलं, पगार भागवायला पुन्हा कर्ज काढलं आणि आता बहांदरी कंपनीची झाली. दुसऱ्या सयाजीरावांच्या काळात सावकारांची रक्कम काही फिटेना, तेव्हा १८२८ मध्ये इंग्रजांनी राज्याचा काही मुलूख आपल्या ताब्यात घेतला, त्याच्या वसुलातून देणी फेडायची म्हणून. महाराजांवर ही वेळ येऊ शकते तर आपण कोण, असं माझे एक काका नेहमी म्हणायचे, त्यांच्यावर स्वतःवर आली तेव्हा मात्र म्हणाले नाहीत.

सावकार कितीही कडक असला तरी जुन्या कायद्यात त्याला एक लगाम होता, दामदुपट. व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही, शंभर दिले तर एकावेळी व्याजासकट दोनशेच्या वर मागता येत नाही. मनुस्मृतीतही हे आहे आणि जुन्या मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत ते मानलंही, १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही ते आलं. पण बँका ह्यातून बाहेर. आणि १९८४ पासून बँकिंग रेग्युलेशन अॅक्टमध्ये २१ए हे कलम आलं, त्याने तर बँकेचं व्याज जास्त आहे एवढ्याच कारणावर कोर्टाने व्यवहार पुन्हा उघडायचा नाही असं ठरून गेलं. त्या वेळी ह्याने आपल्याला काय फरक पडतो असंच कोणालाही वाटलं असतं, कारण कार्ड होतं कोणाकडे?

देशातलं पहिलं बँकेचं क्रेडिट कार्ड सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये काढलं, पुढच्या वर्षी आंध्र बँकेने. वडोदऱ्याचा ह्यात चांगलाच हात आहे. तिसऱ्या सयाजीरावांनी २० जुलै १९०८ ला काढलेली बँक ऑफ बडोदा, तिने १९९४ मध्ये कार्डासाठी वेगळी कंपनीच काढली, आणि आयसीआयसीआय बँकेचं रजिस्टर्ड ऑफिसही इथेच, जुन्या पादरा रोडला. १९९८ मध्ये एसबीआय कार्ड आलं आणि मग २००० नंतर जे सुरू झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, मॉलच्या दारात टाय लावून उभी असलेली पोरं, लाइफटाइम फ्री, फक्त सही करा काका. विकणारा एजन्सीचा, त्याला प्रत्येक कार्डामागे कमिशन, कार्डवाला पुढे फेडणार की नाही हे बघणं त्याचं कामच नाही. मला विचाराल तर मूळ गडबड इथेच आहे, उघराणीत नंतर जे झालं तो त्याचाच पुढचा अंक.

स्टेटमेंट हातात घ्या म्हणजे कळेल. समजा एक लाख बाकी आहे, महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,५०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०, झाले ४,१३०. मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात कमीत कमी भरायची रक्कम, पाच टक्के धरला तर ५,०००. तुम्ही इमानदारीत पाच हजार भरले आणि मुद्दल कमी झालं फक्त ८७० रुपयांनी. बाकी उभी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस पण मिळत नाहीत, दूध आणलं तरी त्या दिवसापासून व्याज. वर्षाला हे ४२ टक्के होतात, नुसतं सरळ व्याज धरलं तरी दामदुपटीची रेघ अडीच वर्षांच्या आत ओलांडली जाते.

मग थकतं. मिनिमम ड्यू ड्यू डेटपासून ९० दिवसांत पूर्ण आला नाही की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या वहीत थकीत कर्ज, त्याच्या आत बँकेला वसूल करायचं असतं म्हणून पहिले तीन महिने फोन सगळ्यात जास्त. उघराणीवाले ह्याला बकेट म्हणतात, तीस दिवसांचं पहिलं, साठचं दुसरं, बकेट जसं पुढे सरकतं तसा माणूस बदलतो, आधी गोड बोलणारी टेलिकॉलर, मग एजन्सी, मग फील्डवाला. हा फील्डवाला थेट तुमच्या दारात येत नाही हे लक्षात घ्या. तो आधी खालच्या किराणावाल्याकडे नाव विचारतो, मग पायरीवर भाजी निवडत बसलेल्या आजींना विचारतो, "बा, अमुक भाई अहीं ज रहे छे ने? बँकनुं काम छे." तोंडाने एक शब्द वाईट नाही, पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या पोळीत, म्हणजे गल्लीत, माहीत.

नियम यायला लागले ते ह्या असल्या तक्रारींमुळे, आणि उशिरा आले. २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेने फेअर प्रॅक्टिस कोड आणला, २१ नोव्हेंबर २००५ ला खास क्रेडिट कार्डासाठी सूचना काढल्या, त्यात स्पष्ट लिहिलंय की धमकी नाही, चारचौघात अपमान नाही, घरच्यांच्या, मित्रांच्या किंवा फॉर्मवर ज्यांची नावं दिलीत त्यांच्या आयुष्यात घुसायचं नाही. तरी गुंड पाठवणं चालूच होतं. फेब्रुवारी २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकाश कौर केसमध्ये, ट्रकच्या कर्जाचं प्रकरण होतं ते आणि बँक होती आयसीआयसीआय, बँकांना सुनावलं की वसुली कायद्यानेच करायची, पैलवान लावून नाही. त्यानंतर २४ एप्रिल २००८ चं रिकव्हरी एजंटवालं सर्क्युलर आलं, एजंटला शंभर तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा, बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र जवळ हवं, आणि तुमची तक्रार बँकेकडे पेंडिंग असेल तर, ती उगाच वेळकाढू नसेल तर, तिचा निकाल लागेपर्यंत केस एजंटकडे द्यायची नाही. हे शेवटचं बहुतेकांना माहीतच नसतं म्हणून कोणी वापरत नाही. लोक फोन ब्लॉक करतात, ईमेल करत नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये वेळही ठरली, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर उघराणीचा फोन नाही, आणि त्याच वर्षी डिजिटल कर्जाच्या नियमांत अॅपवाल्यांना मोबाइलमधले कॉन्टॅक्ट उचलायला बंदी आली, कारण पायरीवरच्या आजींची जागा तोवर व्हॉट्सअॅपने घेतली होती. सगळं सांगून बँकेने ३० दिवसांत ऐकलं नाही तर ओंबड्समन, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा तक्रार ऐकणारा अधिकारी, आहे, १९९५ पासूनची सोय, पैसे लागत नाहीत.

जेलची धमकी सगळ्यात जास्त चालते म्हणून तिचंही मागचं पुढचं सांगतो. नुसतं कार्ड थकलं म्हणून पोलीस उचलत नाहीत, ती दिवाणी बाब आहे. हुकूमनामा झाल्यावर दिवाणी कैद कायद्यात आहे खरी, पण ४ फेब्रुवारी १९८० ला जॉली जॉर्ज वर्गीस केसमध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ठरवून दिलं की ऐपतच नाही म्हणून फेडता येत नसेल तर आत टाकता येत नाही, ऐपत असून मुद्दाम टाळणारा वेगळा. देशातलं पहिलं कार्ड आणि हा निकाल एकाच वर्षातले. फौजदारी लागते ती दुसऱ्या वाटेने, चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं १३८ कलम, १९८९ पासूनचं, आणि ऑटो डेबिट बाउन्स झालं तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं २५ कलम. म्हणून एजंट "एक सिक्युरिटी चेक द्या ना" म्हणतो तेव्हा तो का म्हणतो ते समजून घ्या.

दारातली लाज कमी केली तशी कॉम्प्युटरमधली आली. कोणी कर्ज कसं फेडलं ह्याची नोंद ठेवणारी कंपनी सिबिल २००० मध्ये स्थापन झाली, असल्या कंपन्यांसाठी २००५ चा कायदा आला, आणि आता सेटलमेंट करून निम्म्यात मिटवलं तरी रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' हा शब्द राहतो, पुढचं होम लोन मागायला गेलं की मॅनेजर आधी तिथेच बोट ठेवतो. आणखी एक, दावा लावायची मुदत तीन वर्षं, पण मुदतीच्या आत लेखी कबुली दिली किंवा स्वतःच्या सहीने नाहीतर लेखी नोंदीने थोडं जरी भरलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर, त्यामुळे "फक्त पाचशे टाका, फाइल थांबवतो" ह्या वाक्यात फाइलची काळजी कोणाला असते ते ओळखा.

राहिलं व्याज. ७ जुलै २००८ ला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगितलं होतं की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांच्या वर घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या, साडेसोळा वर्षं गेली, आणि २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द झाला, दर ठरवणं हे आयोगाचं काम नाही, ते रिझर्व्ह बँकेचं. आणि रिझर्व्ह बँकेने दर अवाजवी नको एवढंच म्हटलंय, आकडा घातलेला नाही. तोवर २०२४ च्या सुरुवातीलाच देशात चालू कार्डं दहा कोटींच्या वर गेली होती.