बग रिपोर्ट आणि फीचर रिक्वेस्ट (ओपन सोर्स टेक्स्ट एडिटर)

ओपन सोर्स, म्हणजे सोर्स कोड सगळ्यांना खुला असलेला, टेक्स्ट एडिटर वापरताना सापडलेला दोष तो बनवणाऱ्यांना रीतसर कळवणं म्हणजे बग रिपोर्ट, आणि एडिटरमध्ये आज नसलेली सोय मागणं म्हणजे फीचर रिक्वेस्ट. दोन्ही बहुधा प्रोजेक्टच्या एकाच इश्यू ट्रॅकरवर (दोष आणि मागण्या नोंदवायच्या यादीवर) जातात, दोन्हींना नंबर मिळतो आणि चर्चा सगळ्यांसमोर होते. ईमॅक्स, व्हिम, निओव्हिम, केट, नोटपॅड प्लस प्लस, व्हीएस कोड, सगळीकडे हे चालतं, तपशील तेवढे वेगळे.

उगम

ही पद्धत कुठून मोजायची यावर दोन मतं दिसतात. एक मत जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या ईमॅक्सपासून (१९८५) मोजतं, कारण त्यात एडिटरच्या आतूनच रिपोर्टचा ईमेल तयार करून देणारी रिपोर्ट-ईमॅक्स-बग ही कमांड आहे, व्हर्जन वगैरे माहिती ती स्वतःच भरते. दुसरं मत सार्वजनिक ट्रॅकरपासून मोजतं, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं जीएनयूचं नॅट्स, मग १९९४ ची डेबियन या लिनक्स सिस्टिमची बग ट्रॅकिंग सिस्टिम आणि १९९८ ची मोझिलाची बगझिला. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण नुसत्या ईमेलमध्ये बगला स्वतःचा नंबर नाही, स्थिती नाही, त्याचं पुढे काय झालं हे तिसऱ्या माणसाला पटकन कळत नाही. ईमॅक्सनेही २००८ च्या सुमारास डेबियनचंच डेबबग्ज हे सॉफ्टवेअर घेतलं, आणि केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाचा केट एडिटर बगझिला वापरतो. या दोन्ही ठिकाणी फीचर रिक्वेस्टला वेगळा कप्पा नाही, ती विशलिस्ट या सगळ्यात खालच्या तीव्रतेचा बग म्हणूनच नोंदवली जाते.

बग की फीचर

खरी वादावादी इथे होते. वापरणाऱ्याला खटकलं म्हणजे बग, असं धरून चालत नाही. एडिटरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये जे लिहिलंय किंवा जे स्टँडर्ड पाळतो असं तो सांगतो त्याच्या विरुद्ध वागला तर बग, नाहीतर मागणी, हाच निकष त्यातल्या त्यात टिकतो. व्हिममध्ये मोठा डी कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत खोडतो, मोठा सी तिथपर्यंतचं बदलतो, पण मोठा वाय मात्र आख्खी ओळ कॉपी करतो. नव्या माणसाला हा हमखास बग वाटतो, पण ते व्हीआय या जुन्या एडिटरशी जुळवून घेण्यासाठी मुद्दाम ठेवलंय आणि शेवटापर्यंत कॉपी करणं जास्त तर्कशुद्ध आहे हे व्हिमची हेल्पच कबूल करते. निओव्हिमने २०२१ मध्ये ०.६ व्हर्जनला हे डीफॉल्ट बदललं, म्हणजे एकाने जपलेली सुसंगती दुसऱ्याने सोडून दिली, आणि बग म्हणावा असा दोघांकडेही काही नव्हता.

देवनागरीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. 'क्षि' दिसायला एक अक्षर, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार कोडपॉइंट (युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या स्टँडर्डने चिन्हांना दिलेले नंबर) आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बारा बाइट. युनिकोडच्या अक्षरसमूहाच्या (कोणती चिन्हं मिळून एक अक्षर धरायचं त्याच्या) नियमात १५.० व्हर्जनपर्यंत हलन्तानंतर तोड धरली जायची, त्यामुळे बाण की दाबल्यावर कर्सर जोडाक्षराच्या मधेच थांबला तरी ते नियमाला धरूनच होतं. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ मध्ये जीबी ९सी हा नियम आला आणि देवनागरीसकट काही लिप्यांची जोडाक्षरं एकसंध धरली जाऊ लागली. म्हणजे तेच वागणं, पण एडिटर नवं युनिकोड पाळतो म्हणत असेल तर आता तो बग, आणि रिपोर्टात नियमाचा नंबर दिला की वाद बराच मिटतो. बॅकस्पेसचं मात्र वेगळं आहे. ईमॅक्समध्ये बॅकस्पेस एकेक कोडपॉइंट खोडतो आणि पुढचं खोडणारी डिलीट की आख्खा समूह खोडते, आणि हे मुद्दाम केलेलं आहे, चुकलेली वेलांटी काढायला पूर्ण जोडाक्षर परत टाइप करावं लागू नये म्हणून. त्यामुळे बॅकस्पेसबद्दल लिहायच्या आधी डॉक्युमेंटेशन नक्की बघावं.

रिपोर्टची तयारी

व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं सगळेच मागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोष कोऱ्या एडिटरमध्ये दिसतो का हे बघणं, कारण बऱ्याचदा खोट एडिटरमध्ये नसते, आपल्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या प्लगिनमध्ये (वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) असते. त्यासाठी ईमॅक्सला डॅश मोठा क्यू, व्हिमला डबल डॅश क्लीन, आणि व्हीएस कोडला सगळी एक्स्टेन्शन (तिथले प्लगिन) बंद करून उघडायची सोय आहे. व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शन बायसेक्टही आहे, ते दर वेळी निम्मी बंद करून विचारतं, बत्तीस असली तर पाचेक फेऱ्यांत दोषी सापडतं. सोर्समधून बिल्ड करणारे हेच गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या टूलच्या बायसेक्ट कमांडने कमिटवर (कोडमधल्या एकेका नोंदवलेल्या बदलावर) करतात आणि बिघाड आणणारी नेमकी कमिट सांगणारा रिपोर्ट मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

सुरक्षेशी संबंधित दोष उघड ट्रॅकरवर टाकू नये, प्रोजेक्टने दिलेल्या खाजगी मार्गानेच कळवावा. २०१९ मध्ये व्हिम आणि निओव्हिमच्या मोडलाइनमध्ये (फाइलमध्येच लिहिलेली एडिटरची सेटिंग वाचायच्या सोयीत) असा दोष निघाला होता की मुद्दाम तयार केलेली साधी टेक्स्ट फाइल नुसती उघडली तरी कमांड चालवता यायची. तो व्हिमच्या ८.१.१३६५ आणि निओव्हिमच्या ०.३.६ मध्ये दुरुस्त झाला.

फीचरची मागणी

इथे प्रत्येक प्रोजेक्टचा रिवाज वेगळा. व्हीएस कोडमध्ये विचारासाठी उमेदवार ठरलेल्या मागणीला ६० दिवसांत २० मतं मिळाली तर ती बॅकलॉगमध्ये (पुढे करायच्या कामांच्या यादीत) जाते, नाहीतर बंद होते. व्हिमचे कर्ते ब्राम मोलेनार (मृत्यू २०२३) यांनी पैशाची मदत करणाऱ्यांना फीचरांवर मत देण्याची सोय ठेवली होती. मागणीत उपाय आधी सांगण्यापेक्षा अडचण आधी सांगावी, कारण तिच्यावर आधीपासून असलेला दुसरा मार्ग कोणीतरी दाखवू शकतं. नकार आला तर फोर्क करायचा (कोडची प्रत घेऊन वेगळा प्रोजेक्ट काढायचा) हक्क लायसन्सच देतं: मल्टिथ्रेडिंगचा (एकाच वेळी अनेक कामं चालवायचा) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, व्हिममध्ये घेतला गेला नाही आणि तो देणाऱ्यानेच २०१४ मध्ये निओव्हिम सुरू केलं, आणि पुढे २०१६ च्या व्हिम ८ मध्ये पार्श्वभूमीत जॉब चालवायची सोय आलीच.

बंद झालेले प्रोजेक्ट

गिटहबचा ॲटम एडिटर १५ डिसेंबर २०२२ ला अर्काइव्ह झाला. त्याचे जुने इश्यू वाचता येतात पण नवा टाकता येत नाही, त्याबद्दल काही कळवायचं असेल तर पल्सर या त्याच्या फोर्ककडे जावं लागतं.