वडशाचं ठाणं, तिहारचं पत्र आणि बराकीतली शांतता

वडसा म्हटलं की आता पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या आठवतात. हंगाम लागला की कंपन्यांच्या कार्यालयांसमोर गावोगावच्या मंडळांची तारखांसाठी झुंबड उडते. कागदोपत्री याच गावाचं नाव देसाईगंज. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे गाव नाटकांमुळे नाही, तर तिथल्या पोलीस ठाण्यामुळे ठाऊक असतं. कोठडीतल्या लैंगिक हिंसेबद्दल आज जो कायदा आहे, त्याची सुरुवात त्या ठाण्याच्या बंद दारापासून झाली.

तारीख 26 मार्च 1972. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता, हा सगळा मुलूख चंद्रपूरमध्ये होता. आईबाप नसलेली, लोकांच्या घरी काम करून पोट भरणारी एक पोर. डॉक्टरांच्या अंदाजाने वय 14 ते 16. ज्या घरी ती कामाला जायची, तिथल्या नात्यातल्या एका मुलाशी लग्न करायचं तिने ठरवलं. भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार दिली, म्हणून रात्री सगळ्यांना ठाण्यात बोलावणं गेलं. जबाब झाले, साहेब साडेदहाच्या सुमारास घरी गेले. बाकीच्यांना जायला सांगून दोघा शिपायांनी तिला तेवढं थांबवून घेतलं.

माणसं बाहेर ताटकळत राहिली. आतले दिवे मालवलेले, दार आतून लावलेलं. हाका मारल्या तरी ओ नाही. आरडाओरड ऐकून गाव जमलं. ती बाहेर आली, काय झालं ते तिने सांगितलं, तसा जमाव ठाणं पेटवून द्यायच्या गोष्टी करू लागला. गुन्हा नोंदवला गेला तो याच जमावामुळे. ही बाहेर उभी असलेली माणसं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

हे प्रकरण देशभर तिच्या नावानेच ओळखलं जातं. मी ते नाव लिहीत नाही. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरवणारं कलम तिच्याच प्रकरणानंतर आलं, पण तिच्या वाट्याला त्याचा आडोसा आला नाही.

सत्र न्यायालयाने 1974 मध्ये शिपायांना सोडलं. पोर खोटारडी, तिला आधीपासून शरीरसंबंधांची सवय होती, असा एकूण सूर. 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालाचं सार. एका शिपायाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली. सप्टेंबर 1978 मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखम नाही, प्रतिकाराची खूण नाही, म्हणजे जबरदस्ती नाही. रात्री अकराच्या सुमारास, पोलीस ठाण्यात, खाकीतल्या माणसासमोर त्या पोरीने किती झटापट करायला हवी होती, हे मात्र निकालात शोधून सापडत नाही.

पुढच्या वर्षी दोन पत्रं लिहिली गेली. त्यातलं एक सगळ्यांना आठवतं. 16 सप्टेंबर 1979 रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते छापून आलं आणि 8 मार्च 1980 ला ठिकठिकाणी बाया रस्त्यावर उतरल्या. आपल्याकडे नागपुरात सीमा साखरे यांनी हा विषय लावून धरला. शेवटी 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस, तुरुंगाचे कर्मचारी, सरकारी नोकर यांनी ताब्यातल्या स्त्रीवर केलेल्या बलात्काराला किमान दहा वर्षं शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने ते खरं धरून चालायचं आणि उलट सिद्ध करायचं ओझं आरोपीने उचलायचं, असं पुराव्याच्या कायद्यात 114अ कलम आलं.

‘सवय होती’ हा शेरा ज्या वैद्यकीय तपासणीतून निघतो, तिच्यावरचं कामही विदर्भातच झालं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी 2010 मध्ये या तपासण्यांमधल्या चुकांचा अहवाल मांडला, प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेलं. सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांच्या चाचणीवर कडक भाषेत बंदी घातली ती ऑक्टोबर 2022 मध्ये. म्हणजे वडशाच्या घटनेला पन्नास वर्षं होऊन गेल्यावर.

दुसरं पत्र दिल्लीच्या तिहार तुरुंगातलं, 1979 चंच. फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा या कैद्याने ते सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं, ते स्वतःसाठी नाही. पैसे उकळण्यासाठी एका वॉर्डरने, म्हणजे तुरुंगातल्या पहारेकऱ्याने, दुसऱ्या एका कैद्याच्या गुदद्वारात दांडा घातला होता. न्यायालयाने त्या चिठ्ठीचीच याचिका केली. डिसेंबर 1979 च्या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी तुरुंगात तक्रारपेट्या ठेवायला आणि जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगाला भेटी द्यायला सांगितलं. पण या प्रकाराची नोंद ‘छळ’ म्हणून झाली. लैंगिक हिंसा म्हणून त्याकडे कोणी पाहिलं नाही, कारण बळी पुरुष होता.

दोन्ही पत्रं एकाच वर्षातली. पहिल्यातून कायदा निघाला, दुसऱ्यातून तक्रारपेटी. ती पेटी बराकीत कुठे टांगलेली असते आणि तिच्यात चिठ्ठी टाकताना कोणकोण पाहत असतं, याचा विचार वाचकानेच करावा.

हा फरक आजही मिटलेला नाही. 2013 च्या दुरुस्तीनंतर वस्तू घालणं हाही बलात्कार झाला, पण पीडित स्त्री असेल तरच. पुरुषासाठी होतं ते जुन्या दंड संहितेतलं ‘अनैसर्गिक’ संबंधांचं 377 कलम. त्यात 2018 पर्यंत संमतीचा संबंधही गुन्हाच, त्यामुळे तक्रारीला गेलेला कैदीच आरोपी व्हायची भीती. वर 1894 च्या तुरुंग कायद्यात ‘अनैतिक वर्तन’ हा शिस्तभंग, म्हणजे तोंड उघडलं तर दोघांनाही शिक्षा. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि 377 गेलं, त्या जागी काहीच आलं नाही. बराकीत विशीतल्या पोरावर जबरदस्ती झाली, तर आज मारहाणीची नाहीतर डांबून ठेवण्याची कलमं शोधत बसायचं. अठराच्या आतल्यांना पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा आधार आहे, वय उलटलं की तोही नाही.

बाई कैद्यांसाठी स्त्री पहारेकरी हव्यात, हे पत्रकार शीला बर्से यांच्या 1983 च्या प्रकरणापासून पक्कं आहे. (तेही एका पत्रावरूनच सुरू झालं होतं.) पण भायखळ्याच्या महिला कारागृहात जून 2017 मध्ये एक बंदिनी मेली, तेव्हा मारहाणीचे आणि लैंगिक छळाचे आरोप झाले आणि खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली ती सहा महिला कर्मचाऱ्यांना. तेव्हा निव्वळ बाई नेमली की काम झालं, असं म्हणून चालत नाही.

अमेरिकेने 2003 मध्ये तुरुंगातले बलात्कार रोखायला वेगळा कायदा केला. तिथल्या नियमांत एक साधी गोष्ट आहे: कैदी आत आल्यापासून 72 तासांत त्याला धोका किती, हे विचारून नोंदवायचं. वय कमी, अंगाने लहान, पहिल्यांदाच आत आलेला, समलिंगी किंवा तृतीयपंथी, आधी अत्याचार सोसलेला. मग झोपायची जागा त्या हिशेबाने द्यायची. आपल्याकडे 2022 च्या आकडेवारीनुसार देशभरातल्या तुरुंगांत शंभराच्या जागी 131 माणसं होती आणि चारातले तीन कच्चे कैदी. पाय पसरायला जागा नाही तिथे कोणाला कोणाशेजारी झोपवायचं, हे वॉर्डरच्या किंवा बराकीतल्या दादाच्या मर्जीवर जातं.

डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. दारात, कोठडीत, व्हरांड्यात, संडासाच्या बाहेर, आणि चित्रण शक्यतो 18 महिने ठेवायचं. संडासाचा उल्लेख वाचून मला वडसाच आठवलं. तिथेही गोष्ट ठाण्यामागच्या संडासापाशीच सुरू झाली होती.

पण वडशाला दाराबाहेर माणसं होती. कोरची, भामरागडकडच्या पोराला नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात पाठवलं, तर आईला मुलाकातीसाठी पहाटेची एसटी धरावी लागते, दोन दिवसांची मजुरी बुडते, तिकिटाचे पैसे वेगळे. आधार कार्ड, रांग, मग जाळीपलीकडून गोंगाटातली काही मिनिटं. तेवढ्यात ती विचारते, ‘जेवतोस ना?’ तो म्हणतो, ‘जेवतो.’ पुढच्या महिन्यात धानाची रोवणी असते, मग येणं होत नाही. कोणाची मुलाकात येत नाही, हे बराकीत पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळलेलं असतं.