घर बांधण्याआधी पत्रा उचलून पाहा

ब्रिटनमध्ये घरे बांधायला काढलेल्या एखाद्या गवताळ जागेवर गंजलेले पन्हळी पत्रे आणि छपरावर घालतात त्या काळ्या डांबरी फेल्टचे अर्ध्या मीटरचे तुकडे पडलेले दिसले, की तो कचराच वाटतो. प्रत्यक्षात तेथे सरपटणाऱ्या प्राण्यांचे सर्वेक्षण चालू असते. या प्राण्यांना जाणूनबुजून मारणे हा तेथील १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे ते असण्याची शक्यता असेल, तेथे यंत्रे येण्याआधी शोध घेतला जातो.

पण पत्राच का? शरीर उबदार ठेवण्याइतकी उष्णता हे प्राणी स्वतः निर्माण करू शकत नाहीत, आणि खाल्लेले पचवायला, चपळपणे पळायला ती तर हवीच. ‘कॉमन लिझार्ड’ हा तेथील सरडा ती उघड्यावर ऊन खात मिळवतो, अनेकदा पत्र्याच्या वरच बसून. ‘स्लो वर्म’ हा दुसरा सरपटणारा प्राणी मात्र आडोशाला राहून तापलेल्या वस्तूला अंग टेकवतो. सकाळच्या उन्हात पत्रा भोवतालच्या गवताआधी तापतो, म्हणून त्याखाली ऊबही मिळते आणि शिकारी पक्ष्यांपासून लपताही येते. ऊन चढले, की तीच जागा भाजू लागते आणि प्राणी निघून जातो; गारठा असला, तर तो बिळाबाहेरच पडत नाही. म्हणूनच हवेचे तापमान साधारण ९ ते १८ अंश सेल्सिअस असताना, विशेषतः एप्रिल, मे आणि सप्टेंबरमध्ये, पत्रे तपासतात.

पत्रा हळूच उचलला, की तांबूस, गुळगुळीत, बिनपायांचा जीव दिसतो आणि पाहणारा ‘साप’ म्हणून मागे सरतो. तेवढ्यात तो डोळे मिटून उघडतो. सापाला पापण्या नसतात; स्लो वर्म हा पाय नसलेला सरडाच आहे. असे नीट पाहणे आपल्याकडेही झाले असते, तर बोथट शेपटीमुळे ‘दुतोंड्या’ ठरलेल्या मांडुळाची गुप्तधनाच्या खुळचट समजुतीपायी तस्करी झाली नसती.

एका फेरीत काही न दिसणे हा मात्र पुरावा नव्हे. समजा, प्राणी तेथे असताना तो एका फेरीत दिसण्याची शक्यता ०.३५ आहे. मग तो हुकण्याची शक्यता ०.६५, आणि फेऱ्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर सलग सातही फेऱ्यांत हुकण्याची शक्यता ०.६५ चा सातवा घात, म्हणजे सुमारे ०.०५ उरते. निदान सात फेऱ्यांचा प्रघात मला म्हणूनच रास्त वाटतो. घाईच्या एका फेरीवर दिलेला ‘काही आढळले नाही’ हा अहवाल विज्ञान नव्हे.

प्राणी आढळले, तर काम थांबतेच असे नाही. शक्य तेथे त्यांची जागा राखून आराखडा बदलतात. ते जमत नसेल, तर भोवती प्लास्टिकचे बुटके कुंपण घालून तेच पत्रे पुन्हा उचलले जातात, या वेळी प्राणी हाताने पकडून आधीच तयार केलेल्या अधिवासात सोडण्यासाठी.