सालाझारशाही आली कुठून? २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाची पार्श्वभूमी

गोवा मुक्तिलढ्यावरच्या आपल्या लिखाणात सालाझार बहुधा १९४६ साली अवतरतो. मडगावला १८ जूनला राममनोहर लोहिया भाषणाला उभे राहतात, पोलीस त्यांना पकडतात आणि त्या पोलिसांच्या मागे दूर लिस्बनमध्ये सालाझार नावाचा हुकूमशहा असतो. तो तिथे कसा आला, याचा उलगडा क्वचितच होतो. त्यामुळे सालाझारने बंड करून सत्ता घेतली, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात बंड सैन्याने केलं. त्या दिवसांत आंतोनियु द ऑलिव्हैरा सालाझार कुइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होता.

पोर्तुगालमधली राजेशाही ५ ऑक्टोबर १९१० रोजी गेली आणि प्रजासत्ताक आलं. गोव्याच्या दृष्टीने हा काळ महत्त्वाचा होता. १९११ मध्ये चर्च आणि सरकार यांची फारकत करणारा कायदा झाला, हिंदूंना कायद्याने समान दर्जा मिळाला, सरकारी नोकरीची वाट मोकळी झाली. मराठी शाळा, वाचनालयं आणि नियतकालिकं यांना गोव्यात बहर आला तो याच पंधरा-सोळा वर्षांत.

खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र त्या प्रजासत्ताकाला स्थैर्य लाभलं नाही. जेमतेम सोळा वर्षांत पंचेचाळीस मंत्रिमंडळं झाली. १९१६ मध्ये देश पहिल्या महायुद्धात उतरला आणि एप्रिल १९१८ मध्ये फ्लँडर्समधल्या लीस नदीच्या लढाईत पोर्तुगीज तुकड्यांची धूळधाण झाली. राष्ट्राध्यक्ष सिदोनियु पाइश यांचा डिसेंबर १९१८ मध्ये लिस्बनच्या रोसियु स्टेशनात खून झाला. पंतप्रधान आंतोनियु ग्रांजु यांना १९ ऑक्टोबर १९२१ च्या रात्री बंडखोरांनी ठार केलं. पौंडाला मुळात साडेचार एस्कुडो (पोर्तुगालचं चलन) पडायचे, १९२४ मध्ये हा दर शंभराच्या पुढे गेला. पगारावर जगणाऱ्या मध्यमवर्गाची बचत वितळली, आणि सैन्यातले अधिकारीही पगारदारच होते.

त्यात १९२५ च्या डिसेंबरात नोटांचं प्रकरण बाहेर आलं. आल्व्हिश दुश रैश या माणसाने बनावट करारपत्रं दाखवून लंडनच्या छपाई कंपनीकडूनच पाचशे एस्कुडोच्या नोटा छापून घेतल्या होत्या. छापणारी कंपनी खरी, कागद खरा, फक्त परवानगी खोटी. अस्सल आणि नकली यांत फरकच करता येईना, तेव्हा ती नोट मागे घ्यावी लागली. सरकारच्या अब्रूचं जे काही शिल्लक होतं, तेही या प्रकरणात गेलं.

एक तांत्रिक बाब इथे नोंदवायला हवी. ‘ग्वार्दा नासियोनाल रेपुब्लिकाना’ हे निमलष्करी दल १९१९ नंतर तोफा-मशीनगन देऊन वाढवलं होतं, ते सैन्याच्या बंडापासून प्रजासत्ताकाला वाचवण्यासाठी. पण १९२१ च्या खुनांनंतर तेच दल धोक्याचं वाटू लागलं आणि १९२२ मध्ये त्याचे पंख छाटले गेले. म्हणजे पुढच्या बंडाला तोंड देणारं शस्त्र सरकारने आपल्याच हाताने बोथट केलं. १८ एप्रिल १९२५ चा उठाव फसला, पण लष्करी न्यायालयाने त्यातल्या अधिकाऱ्यांना निर्दोष सोडलं. बंडाला शिक्षा होत नाही, हे त्या दिवशी प्रत्येक छावणीला कळलं.

उत्तरेकडच्या ब्रागा शहरात २८ मे १९२६ रोजी जनरल गोमिश द कॉश्ता यांनी उठाव जाहीर केला. लिस्बनमध्ये नौदलाचे मेंदिश काबेसादश हाताशी होते. लढाई जवळपास झालीच नाही. सरकारने राजीनामा दिला, राष्ट्राध्यक्ष बेर्नार्दिनु माशादु यांनी ३१ मे रोजी सूत्रं काबेसादश यांच्या हाती दिली आणि ६ जूनला गोमिश द कॉश्ता सैन्यासह राजधानीत मिरवत आले.

पुढे काय करायचं, हे कोणीच ठरवलं नव्हतं. काबेसादशना प्रजासत्ताक टिकवायचं होतं. त्यांना १७ जूनला बाजूला केलं. गोमिश द कॉश्ता यांचाही नंबर ९ जुलैला लागला: अटक, अझोर्स बेटांवर रवानगी, आणि वर मार्शल हा किताब. उरले जनरल ऑस्कार कार्मोना. फेब्रुवारी १९२७ मध्ये पोर्तू आणि लिस्बनला प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला, तो चिरडला गेला. मार्च १९२८ मध्ये कार्मोना एकमेव उमेदवार म्हणून राष्ट्राध्यक्षपदी ‘निवडून’ आले.

सत्ता हाती आली, पण तिजोरी रिकामी होती. लष्करी सरकारने राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्स) एक कोटी वीस लाख पौंडांचं कर्ज मागितलं. राष्ट्रसंघाने आपली देखरेख मान्य करण्याची अट घातली, ती अपमानास्पद वाटून सरकारने कर्ज नाकारलं. आता घरातलाच कोणीतरी हिशेब जुळवणारा हवा होता. सालाझारने १९२६ च्या जूनमध्ये काही दिवस अर्थमंत्रिपद घेऊन सोडलं होतं. २७ एप्रिल १९२८ रोजी तो पुन्हा आला, तो अटी घालून. प्रत्येक खात्याने अर्थखात्याने दिलेल्या रकमेतच भागवायचं. जमाखर्चावर परिणाम करणारा कोणताही निर्णय आधी अर्थखात्याला दाखवायचा. खर्चवाढीवर अर्थखात्याचा नकाराधिकार. काटकसर आणि वसुली सगळीकडे एकाच पद्धतीने.

या अटी कारकुनी वाटतात, पण खरी सत्तापालट इथे झाली. ज्या मंत्र्याच्या सहीशिवाय तोफखान्याला घोड्याचा दाणाही मिळत नाही, त्याच्यावर जनरल हुकूम चालवणार कसा? वर्षभरात अंदाजपत्रकात शिल्लक दिसू लागली. करवाढ आणि कपात यांच्या जोरावर ती आली होती, पण ‘चमत्कार’ म्हणून तिचा गवगवा झाला आणि त्या भांडवलावर सालाझार ५ जुलै १९३२ रोजी पंतप्रधान झाला.

नवीन राज्यघटनेवर १९ मार्च १९३३ रोजी सार्वमत झालं. जो मतदानाला येणार नाही, त्याचं मत ‘होय’ धरायचं, असा नियम होता. विरोधी मतं सहा हजारांच्या आसपास भरली. घटनेत भाषण आणि सभास्वातंत्र्य लिहिलेलं होतंच. फक्त त्याचा वापर ‘विशेष कायद्यांनी’ ठरायचा होता, आणि सगळा दंडुका त्या विशेष कायद्यांत होता. ‘नवं राज्य’, म्हणजे ‘इश्तादु नोवु’, हे या व्यवस्थेचं नाव. पक्ष एकच, ‘उनियांव नासियोनाल’, म्हणजे राष्ट्रीय संघटना. वर्तमानपत्रांची पूर्वतपासणी १९२६ पासूनच सुरू होती. तपासनीस निळ्या पेन्सिलीने मजकूर खोडायचा. राजकीय पोलीस १९३३ मध्ये उभे राहिले आणि १९४५ मध्ये त्यांचं नाव ‘पीदे’ झालं. झोपू न देणं, तासन् तास पुतळ्यासारखं उभं ठेवणं ही त्यांची चौकशीची पद्धत. ऑक्टोबर १९३६ मध्ये केप व्हर्दच्या सांतियागु बेटावर ताराफालची छळछावणी उघडली. तिथल्या बिनखिडकीच्या काँक्रीटच्या कोठडीला कैदी ‘तवा’ म्हणत.

गोव्यावर थेट घाव घातला तो ८ जुलै १९३० च्या ‘आक्तु कोलोनियाल’ने, म्हणजे वसाहत कायद्याने. त्या वेळी वसाहतखात्याचा हंगामी भारही सालाझारकडेच होता. समुद्रापारचे मुलूख ताब्यात ठेवणं आणि तिथल्या रहिवाशांना सुसंस्कृत करणं हा पोर्तुगीज राष्ट्राचा अंगभूत धर्म आहे, असं या कायद्यात लिहिलं होतं. प्रजासत्ताकाने वसाहतींना दिलेली थोडीफार स्वायत्तता त्याने काढून घेतली. गोव्यातले पत्रकार आणि नेते लुईस दी मिनेझिस ब्रागांझा यांनी ४ जुलै १९३० रोजीच पणजीच्या सरकारी मंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला होता. तेव्हा गव्हर्नर जनरल होते जनरल जुआंव कार्लुश क्राव्हैरु लोपिश. त्यांचाच मुलगा फ्रांसिश्कु पुढे पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्ष झाला. कार्मोना, क्राव्हैरु लोपिश, तोमाश: सालाझारच्या काळातले तिन्ही राष्ट्राध्यक्ष गणवेशधारी. देवघरात सैन्य, तिजोरीची किल्ली सालाझारकडे.

गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा तपासनिसाला दाखवून छापाव्या लागत, असं आजही सांगतात. परवानगीशिवाय सभा हा गुन्हा होता. म्हणून मडगावच्या त्या सभेला एवढं मोल आहे. त्यानंतरच्या खटल्यांत शिक्षा लष्करी न्यायालयाने दिल्या. गोव्यातले राष्ट्रवादी नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा होऊन त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेलं. सशस्त्र लढा देणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे, मूळचे सांगलीचे मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची झाली, आणि लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगातून ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. गोवा मुक्त होऊन तेव्हा सात वर्षं उलटली होती.

जून १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात झाली. वसाहतच नाही, तर सोडायचं काय, हा त्यामागचा युक्तिवाद. भारताशी वाटाघाटी का होऊ शकल्या नाहीत, याचं बरंचसं उत्तर या शब्दबदलात आहे. १४ डिसेंबर १९६१ रोजी सालाझारने गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांना तार केली: किमान आठ दिवस लढा, युद्धबंदी नको, युद्धकैदीही नकोत. सुमारे साडेतीन हजार सैनिक, हवाई दल नाही, एकच जुनी युद्धनौका. सिल्व्हा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली, आणि परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं.

सैन्यातल्या अनेकांनी याचा अर्थ नीट लावला: राजकारण्याच्या हट्टाची किंमत अधिकारी चुकवतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत अंगोला या आफ्रिकेतल्या वसाहतीत युद्ध पेटलं होतं आणि एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री बोतेल्यु मोनीझ यांचा सालाझारला हटवण्याचा प्रयत्न फसला होता. मग पोर्तुगीज गिनी आणि मोझांबिक या वसाहतीही पेटल्या. १९६८ मध्ये खुर्चीवरून पडून सालाझार निकामी झाला, त्याच्या जागी मार्सेलु कायतानु आले, युद्ध मात्र चालूच राहिलं. अधिकारी कमी पडू लागले, तेव्हा १९७३ मध्ये सरकारने सक्तीच्या भरतीतल्या अधिकाऱ्यांना छोट्या अभ्यासक्रमानंतर कायम सेवेत घेऊन ज्येष्ठता देण्याचा हुकूम काढला. अकादमीतून आलेले कॅप्टन बिथरले. त्यांच्या गुप्त बैठका बढतीच्या तक्रारींपासून सुरू झाल्या आणि काही महिन्यांत राजवट उलथवण्यापर्यंत पोचल्या.

२५ एप्रिल १९७४ च्या पहाटे रेडिओवर ठरलेलं गाणं वाजलं आणि तुकड्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत कायतानु शरण आले. त्या दिवशी चार नागरिक मारले गेले, ते राजकीय पोलिसांच्या मुख्यालयातून झालेल्या गोळीबारात. भारताचं गोव्यावरचं सार्वभौमत्व पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केलं. वासालु इ सिल्व्हा यांचा हुद्दाही त्याच वर्षी त्यांना परत मिळाला.