रेघांची तपकिरी पाहुणी

थंडीत आंबा घाटात किंवा दाजीपूरच्या वाटेवर घाणेरीच्या जाळीत चिमणीएवढा तपकिरी पक्षी दिसतो. अंगावर पुसट रेघा, नजरेत भरेल असा रंग कुठंच नाही. बहुतेक जण ‘चिमणीच असेल’ म्हणून पुढं जातात. मला वाटतं, अशा वेळी दुर्बीण लावून दोन मिनिटं थांबावंच. ती रोझफिंच, म्हणजे थंडीत आपल्याकडं येणारी बी खाणारी छोटी पाहुणी, असू शकते.

आधी चोच बघा. आखूड, जाडजूड, वरची कड फुगीर. या चोचीत बी अडकवायला आतून खाचा असतात. खालचा जबडा दाबून बी फुटते, जीभ ती फिरवून टरफल सोलते. त्यामुळं खाताना चोच सारखी हलत राहते. मग चेहरा. चिमणीच्या मादीला डोळ्यामागं फिकट भुवई असते आणि तिच्या छातीवर रेघा नसतात. रोझफिंचचा चेहरा कोरा असतो, म्हणून टपोरा काळा डोळा उठून दिसतो. पंखावर दोन फिकट आडव्या पट्ट्या आणि शेपटीच्या टोकाला खाच दिसली, की शंका उरत नाही.

रोझफिंच समजून आणखी दोघी चकवतात. माळावर चालत शेपटी हलवणारी, बारीक चोचीची रेघाळ ती तिरचिमणी. तळ्याकाठच्या पाणकणसात दिसणारी, पिवळसर भुवईची, ती बहुधा सुगरणींपैकी एक.

पण तपकिरी म्हणजे मादीच, असं धरू नका. प्रौढ नराचं डोकं, छाती आणि कंबर लाल असते आणि तो लाल रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांपासून बनतो. पहिल्या वर्षीचा नर मात्र हुबेहूब मादीसारखा दिसतो. विणीच्या जागी तो त्याच तपकिरी पिसाऱ्यात गातोसुद्धा!

त्या विणीच्या जागा हिमालयातल्या उंच झुडपांपासून सायबेरिया आणि पूर्व युरोपापर्यंत पसरल्या आहेत. युरोपातले कितीतरी पक्षी थंडीत आफ्रिकेकडं जातात. तिथल्या रोझफिंच मात्र आग्नेयेला वळून भारतीय उपखंडाकडं येतात. जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव!

सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत त्या आपल्याकडं लहान थव्यांनी राहतात. घाणेरीची फळं, बांबूचं बी, कोवळ्या कळ्या, शेतातलं धान्य असं सगळं खातात. म्हणून शाळूच्या रानाला लागून झुडपांचा बांध असेल, तर तिथं सकाळी ऊन पाठीशी घेऊन उभं राहा. थवा जाळीत शिरून गप्प बसतो, तेव्हा चढत जाणारी मऊ शीळ ऐकू येते का, इकडंही कान असू द्या.