सूर्याचे शेजारी कसे सापडत गेले

सूर्याला सर्वांत जवळचे पाच शेजारी अंतराच्या क्रमाने असे: मित्र तारा (अल्फा सेंटॉरी) व त्याचा सोबती प्रॉक्सिमा (४.२४ प्रकाशवर्षे), बार्नार्डचा तारा (५.९६), लुहमन १६ (६.५), वाइज ०८५५ (७.४) आणि वुल्फ ३५९ (७.९). यांतला तिसरा २०१३ मध्ये सापडला आणि चौथा २०१४ मध्ये. अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकांची मोजदाद तोवर होऊन गेली होती. हे वाटते तितके विचित्र नाही. नुसते पाहून एखादा ठिपका जवळचा की दूरचा हे कळत नाही. आधी दुसऱ्याच कुठल्यातरी खुणेवरून त्याच्यावर संशय घ्यावा लागतो, मग त्याचे अंतर मोजायचे. कोण सापडणार आणि कोण निसटणार हे त्या खुणेवर ठरत आले आहे.

पहिली खूण होती निजगती, म्हणजे दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत ताऱ्याचे वर्षागणिक सरकणे. जवळचा तारा जास्त सरकलेला दिसणार, एवढाच तर्क. हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाचा तारा दिसायला मंद, पाचव्या प्रतीचा. पण तो वर्षाला ५.२ विकला सरकतो, याकडे ज्युसेप्पे पियाझ्झी यांनी लक्ष वेधले होते. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. फ्रीड्रिख बेसेल यांनी मोजणीसाठी हाच तारा निवडला आणि १८३८ मध्ये त्याचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा डोलल्यासारखा दिसतो, त्यावरून मोजलेला कोन) ०.३१४ विकला असल्याचे जाहीर केले. आजचा आकडा ०.२८६ आहे. त्या काळच्या उपकरणाकडून दहा टक्क्यांची चूक म्हणजे फारच थोडी. मित्राचा पराशय थॉमस हेंडरसन यांनी केप ऑफ गुड होपहून १८३२–३३ मध्येच टिपला होता, पण आकडे १८३९ पर्यंत प्रसिद्ध केले नाहीत. पहिलेपणाचा मान बेसेल यांच्याकडे गेला. हा मित्र पुण्याच्या अक्षांशावरून दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येतो. मे महिन्यातल्या रात्री दक्षिणेकडे डोंगर किंवा इमारती नसतील तर तो सहज दिसतो. अकराव्या प्रतीचा प्रॉक्सिमा मात्र नुसत्या डोळ्यांना कुठूनच दिसत नाही. खरे तर एकही लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान, थंड आणि मंद तारा, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, आणि जवळच्या ताऱ्यांत बहुसंख्य आहेत ते हेच.

पराशय मोजायचा तर पृथ्वी आपल्या कक्षेच्या विरुद्ध बाजूंना असताना, सहा महिन्यांच्या अंतराने, ताऱ्याची जागा आजूबाजूच्या मंद ताऱ्यांच्या संदर्भाने टिपायची. एकूण हेलकाव्याच्या निम्मा कोन म्हणजे पराशय. १ ला त्याने भागले की अंतर पार्सेकमध्ये मिळते. १ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे. गणित शाळकरी आहे, अडचणी मोजणीत आहेत. निजगती आणि पराशय एकमेकांत मिसळलेले असतात, ते वेगळे करायला निदान दोन-तीन वर्षांची निरीक्षणे हवीत. संदर्भाचे तारेही थोडे हलतात, त्यामुळे आलेल्या उत्तरात दुरुस्ती करावी लागते. शिवाय वातावरण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकवते. लाल ताऱ्याची जागा निळसर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजताना तो मध्यमंडलापासून (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेपासून) दूर असला, तर या फरकामुळे खोटे सरकणे दिसते. म्हणून अशी छायाचित्रे तारा मध्यमंडलाजवळ असतानाच घ्यायची, हा नियम पडला.

काचेच्या छायाचित्र-प्लेटा आल्या आणि शोधाचा वेग बदलला. एकाच भागाच्या काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्लेटा यंत्रात शेजारी ठेवायच्या आणि नेत्रिकेतून आलटून पालटून भराभर पाहायच्या. बाकीचे तारे स्थिर राहतात, सरकलेला तेवढा उड्या मारतो. रॉबर्ट इनेस यांना जोहान्सबर्ग येथे १९१५ मध्ये प्रॉक्सिमा असाच सापडला. मित्रापासून तो आकाशात दोन अंशांहून जास्त दूर आहे. पुढच्याच वर्षी एडवर्ड बार्नार्ड यांनी भुजंगधारी तारकासमूहात वर्षाला १०.३ विकला सरकणारा तारा नोंदवला. निजगतीचा हा विक्रम अजून मोडलेला नाही.

या पद्धतीचे सर्वांत मोठे काम विलेम लायटन यांनी केले. त्यांच्या शेवटच्या मोठ्या यादीत वर्षाला ०.१८ विकलांहून जास्त सरकणारे सुमारे ५८ हजार तारे आहेत. पण हीच मर्यादा चाळणीचे भोकही ठरते. २० पार्सेक अंतरावरचा एखादा तारा आपल्या दृष्टिरेषेला आडवा सेकंदाला १० किलोमीटरच जात असेल, तर त्याची निजगती ०.१०५ विकला भरते आणि तो गळतो. थेट आपल्याकडे येणारा किंवा आपल्यापासून दूर जाणारा तारा तर जवळ असूनही जवळपास जागच्या जागी दिसतो. शोल्झचा तारा सूर्यापासून फक्त २२ प्रकाशवर्षांवर आहे, सेकंदाला सुमारे ८३ किलोमीटर वेगाने दूर जातो आहे, पण सरकतो वर्षाला जेमतेम ०.१२ विकला. राल्फ-डीटर शोल्झ यांनी तो जवळचा असल्याचे दाखवले तेव्हा २०१३ उजाडले होते. दुसरी उणीव आकाशगंगेच्या पट्ट्याची. तिथे तारे इतके दाट की प्लेटांवर ठिपके एकमेकांवर चढतात, आणि लायटन यांची यादी तिथे विरळ होते. तिसरी उणीव दक्षिणेची. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या प्लेटा खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ३३ अंश दक्षिणेपाशी थांबत, त्याखालच्या आकाशासाठी जुन्या आणि कमी खोल प्लेटांवर भागवावे लागे.

अतिवेगवान तारेही निसटत, हे ऐकायला उलटे वाटेल. चाळीस वर्षांच्या अंतराच्या दोन प्लेटांवर वर्षाला ५ विकला सरकणारा तारा २०० विकला दूर गेलेला असतो. जवळपास शोधणाऱ्या यंत्राला हे दोन ठिपके एकाच ताऱ्याचे आहेत हे उमगत नाही. टीगार्डनचा तारा १२.५ प्रकाशवर्षांवर असून २००३ पर्यंत अज्ञात राहिला, आणि सापडला तो लघुग्रह शोधण्यासाठी घेतलेल्या चित्रांत. त्याचे पहिले अंतरही चुकले. थोड्याच निरीक्षणांवरून पराशय ०.४३ विकला धरला गेला आणि तारा आठ प्रकाशवर्षांच्या आत आल्यासारखा वाटला. नीट मोजल्यावर तो ०.२६ निघाला.

प्लेटांवरच्या मोजणीत यंत्र बदलले तर काय होते, याचा धडा बार्नार्डच्या ताऱ्याने दिला. पीटर व्हान द काम्प यांनी स्प्राउल वेधशाळेच्या अनेक दशकांच्या प्लेटांवरून १९६३ मध्ये तिथे गुरूहून मोठा ग्रह असल्याचे जाहीर केले. ताऱ्याच्या मार्गात २४ वर्षांचा हेलकावा दिसत होता. १९७३ मध्ये जॉर्ज गेटवूड आणि हाइनरिख आयकहॉर्न यांना इतर वेधशाळांच्या प्लेटांवर तो सापडला नाही. स्प्राउलच्याच प्लेटांवरचे दुसरे तारेही त्याच सुमारास डगमगत होते. कारण दुर्बिणीतच होते: १९४९ मध्ये भिंग बसवण्याची चौकट बदलली होती. याच ताऱ्याभोवती खरा ग्रह २०२४ मध्ये जाहीर झाला, वर्णपटातल्या वेगमापनावरून. तो ३.१५ दिवसांत फेरी मारतो आणि त्याचे किमान वस्तुमान पृथ्वीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास आहे. जुन्या दाव्याशी त्याचा काही संबंध नाही.

विखुरलेल्या या सगळ्या नोंदी एकत्र आणल्या त्या हायडेलबर्गमध्ये विल्हेल्म ग्लीझे यांनी. १९५७ च्या त्यांच्या पहिल्या सूचीत २० पार्सेकच्या आतले सुमारे हजार तारे होते. हार्टमुट यारायस यांच्यासोबत केलेली १९९१ ची तिसरी आवृत्ती २५ पार्सेकपर्यंत गेली आणि नोंदी ३,८०३ झाल्या. बातम्यांत दिसणारे ‘ग्लीझे ५८१’सारखे क्रमांक इथलेच. पण यांतली बरीच अंतरे पराशयाने मोजलेली नव्हती. रंग किंवा वर्णपटावरून ताऱ्याचे खरे तेज ठरवून, दिसणाऱ्या तेजाशी ताडून काढलेली होती. तारा प्रत्यक्षात सारख्या तेजाची जोडी असेल तर तो दुप्पट तेजस्वी भासतो आणि अंदाजी अंतर खऱ्याच्या १.४ पटीने कमी येते. जुन्या सूच्यांतले कितीतरी ‘जवळचे’ तारे या एका कारणाने नंतर मागे सरकले.

दरम्यान तपकिरी बटूंची कल्पना कागदावर आली होती. अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे शिव कुमार यांनी १९६२–६३ मध्ये हिशेब मांडला: वायूचा गोळा सूर्याच्या सुमारे ०.०७ पटीपेक्षा हलका असेल, तर त्याचा गाभा हायड्रोजनचे स्थिर ज्वलन सुरू होण्याइतका तापण्याआधीच इलेक्ट्रॉनांचा दाब आकुंचन थांबवतो. मग तो गोळा जन्मभर निवतच राहतो. जपानमध्ये हायाशी आणि नाकानो त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. कुमार यांनी त्यांना काळे बटू म्हटले होते; आजचे नाव १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी दिले. आजच्या हिशेबाने ही सीमा गुरूच्या ७५ ते ८० पट वस्तुमानाच्या आसपास पडते.

शोधायला मात्र तीस वर्षे गेली, आणि फसवे इशारे बरेच मिळाले. १९८५ मध्ये व्हीबी ८ या लाल बटूला असा सोबती असल्याचे जाहीर झाले. पुढच्या निरीक्षणांत तो दिसलाच नाही. खरी अडचण ओळख पटवण्याची होती. तरुण तपकिरी बटू आणि म्हातारा लाल बटू यांचे तापमान सारखे असू शकते. त्यावर राफाएल रेबोलो आणि सहकाऱ्यांनी लिथियमची कसोटी सुचवली. लिथियम सुमारे २५ लाख केल्विनला नष्ट होते. ताऱ्यांचा गाभा तेवढा तापतो, आणि आतून बाहेर ढवळला जाणारा सगळा वायू त्यातून फिरतो. गुरूच्या सुमारे ६० पटीपेक्षा हलक्या गोळ्यात लिथियम उरते आणि वर्णपटात ६७०.८ नॅनोमीटरवर रेषा देते. मात्र अगदी कोवळ्या ताऱ्यातही ते अजून संपलेले नसते, म्हणून वय माहीत असलेला समूह हवा. कृत्तिका तसा आहे, आणि तेइदे १ हा तपकिरी बटू १९९५ मध्ये तिथेच सापडला. त्याच वर्षी १९ प्रकाशवर्षांवरच्या ग्लीझे २२९ चा सोबती जाहीर झाला. त्याच्या वर्णपटात मिथेन होता. मिथेन टिकायचा तर तापमान हजार-बाराशे केल्विनच्या आसपास किंवा खाली हवे, आणि इतका थंड तारा असूच शकत नाही. वाद तिथेच मिटला.

इतक्या थंड वस्तूंचा प्रकाश अवरक्तात निघतो, त्यामुळे खूण पुन्हा बदलली; आता रंग पाहू लागले. १९९७ ते २००१ दरम्यान टूमास सर्वेक्षणाने उत्तरेत व दक्षिणेत एकेक १.३ मीटरची दुर्बीण लावून सारे आकाश १.२५, १.६५ आणि २.१७ मायक्रोमीटरवर टिपले. लाल बटूंहून थंड असे एल वर्गाचे बटू त्यात गडद लाल असल्याने लगेच उठून दिसले. त्याहूनही थंड टी वर्गाने चकवले: मिथेन २ मायक्रोमीटरजवळचा प्रकाश गिळतो, त्यामुळे या पट्ट्यांत त्यांचा रंग साध्या ताऱ्यासारखा होतो. मग अवरक्तात असणारे पण दृश्य प्रकाशातल्या प्लेटेवर नसणारे ठिपके शोधायचे. त्या निकषात लघुग्रहही बसतात, कारण ते सर्वेक्षणापुरते तिथे असतात आणि जुन्या प्लेटेवर नसतात. प्रत्येक संशयिताचे पुन्हा चित्र घेणे क्रमप्राप्त झाले.

डिसेंबर २००९ मध्ये सोडलेल्या वाइज उपग्रहाने हा प्रश्न बराच सोपा केला. आरसा फक्त ४० सेंटीमीटरचा, पण ३.४ आणि ४.६ मायक्रोमीटरचे त्याचे दोन पट्टे यासाठीच बेतलेले होते. पहिल्यात मिथेन प्रकाश अडवतो, दुसऱ्यात तो निसटतो. दुसऱ्यात झळकणारा आणि पहिल्यात जवळजवळ नसलेला ठिपका म्हणजे थंड बटू. २०११ मध्ये यातूनच ५०० केल्विनहून थंड असा वाय वर्ग उभा राहिला. उपग्रह नेहमी सूर्याशी काटकोनात पाहत असल्याने तोच भाग दर सहा महिन्यांनी, पराशयाचा हेलकावा बहुधा टोकाला असतानाच, टिपला जाई.

लुहमन १६ मात्र रंगामुळे सापडला नाही. केव्हिन लुहमन यांनी वाइजच्या वेगवेगळ्या फेऱ्यांतली सरकणारे ठिपके शोधले. हा ठिपका वर्षाला सुमारे २.८ विकला सरकतो, आणि मागे जाऊन पाहिल्यावर १९७८ च्या प्लेटेवर व टूमासच्या चित्रांतही मिळाला. तो ५३ अंश दक्षिणेला, आकाशगंगेच्या पट्ट्यालगत होता. आधी सांगितलेल्या दोन्ही उणिवा नेमक्या तिथे एकत्र येतात. वाइजला एकच दिसणारी ही वस्तू जेमिनी दक्षिण दुर्बिणीतून पाहिल्यावर दीड विकला अंतरावरच्या दोन तपकिरी बटूंची जोडी निघाली. त्याच पद्धतीने पुढच्या वर्षी वासुकीत वाइज ०८५५ सापडला. त्याचे वस्तुमान गुरूच्या ३ ते १० पट आणि तापमान पाणी गोठण्याच्या आसपास. सूर्यमालेबाहेर स्वतंत्र फिरणारी याहून थंड वस्तू अजून माहीत नाही.

ताऱ्यांचे पराशय मोजणाऱ्या गाया उपग्रहाने ताऱ्यांच्या बाजूचा हिशेब चोख केला; २०२१ च्या त्याच्या सूचीत १०० पार्सेकपर्यंतच्या ३,३१,३१२ नोंदी आहेत. पण कच्च्या माहितीत ८ मिलिविकलांहून जास्त पराशयाच्या सुमारे १२ लाख नोंदी होत्या. त्यांतल्या बहुतेक दाट भागांत ठिपक्यांची सरमिसळ होऊन आलेल्या खोट्या होत्या आणि गाळाव्या लागल्या. दुसऱ्या टोकाला, मित्राचे दोन्ही मुख्य तारे इतके तेजस्वी की गायाच्या सूचीत ते नाहीतच. आणि गाया दृश्य प्रकाशात पाहत असल्याने वाय वर्ग त्याच्या आवाक्याबाहेर राहिला. त्या बटूंचे पराशय मुख्यतः अवरक्तात पाहणाऱ्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने मोजले. ती जानेवारी २०२० मध्ये बंद झाली. या सगळ्याची सांगड घालून डेव्ही कर्कपॅट्रिक यांच्या गटाने २०२४ मध्ये २० पार्सेकच्या आतली सुमारे ३,६०० तारे व तपकिरी बटूंची मोजणी मांडली. प्रमाण आले चार ताऱ्यांमागे एक तपकिरी बटू, आणि सर्वांत थंड टोकाला मोजणी अपुरी असल्याने बटूंचा वाटा वाढू शकतो.

जोड्यांचा घोळ तर अजून चालूच आहे. ग्लीझे २२९ च्या सोबत्याचे वस्तुमान कक्षेवरून गुरूच्या सुमारे ७१ पट आले होते, पण तेवढ्या वस्तुमानाला त्याचे तेज फारच कमी पडत होते. २०२४ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी या वेधशाळेच्या चार दुर्बिणींचा प्रकाश जोडून पाहिल्यावर तिथे दोन बटू निघाले, गुरूच्या ३८ आणि ३४ पट, १२ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. हे तंत्र चालायला जवळच संदर्भासाठी तेजस्वी तारा लागतो. इथे ग्लीझे २२९ स्वतः होता. एकट्या फिरणाऱ्या मंद बटूंपाशी तसा तारा क्वचितच असतो.